अनाहूत मार्गदर्शकांसाठी काही सूचना

व्यायामशाळेत जाऊन व्यायाम करणे कोणालाही जमते. पैसे भरावेत, बूट बदलावेत आणि घाम गाळावा, एवढेच त्यात असते. तेथे जाऊन स्वतः काहीही न उचलता सव्वा तास डंबेलच्या रॅकला टेकून उभे राहणे आणि समोरचा माणूस कसा चुकतो आहे हे त्याला पटवून देणे, ही मात्र साधना आहे. आमच्या रत्नागिरीत या साधनेत सिद्धी मिळवलेले गृहस्थ प्रत्येक व्यायामशाळेत दोन-तीन तरी सापडतात. गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी त्यांच्यापैकी एकाचा मला जो लाभ झाला, त्याची परतफेड म्हणून, ज्यांना हे कार्य हाती घ्यायचे आहे अशा वाचकांसाठी मी येथे काही सूचना लिहून ठेवत आहे. विषय डेडलिफ्टचा आहे. जमिनीवर ठेवलेला, दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या म्हणजे प्लेटा भरलेला लोखंडी बार वाकून दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभे राहायचे, एवढीच ती क्रिया. इतक्या साध्या गोष्टीवर इतके मार्गदर्शन फुकट उपलब्ध असावे, हे आपल्या समाजाच्या औदार्याचे लक्षण मानले पाहिजे.

सर्वप्रथम शिष्य पारखून घ्यावा. वीस-बावीस वर्षांचा एखादा मुलगा कितीही वेडेवाकडे हिसडे देत वजन उचलत असला, तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. तो कानांतील इअरफोन काढणार नाही, आणि काढलेच तर जे बोलेल ते आपल्याला चारचौघांत ऐकवणार नाही. शिष्य म्हणून बाई निवडावी. ती चाळिशीपुढची असावी आणि शिक्षिका असल्यास फारच उत्तम, कारण बाजारात, बसस्टँडवर, डॉक्टरांकडे, जेथे म्हणून कोणा विद्यार्थ्याचे पालक भेटतील तेथे हसून बोलण्याची तिला नोकरीने सवय लावलेली असते. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि माझे वजन एकसष्ट किलो आहे. माझ्याहून अधिक सोयीचे गिऱ्हाईक मिळणे कठीण.

वेळ साधणे हा पुढचा भाग. ज्यांनी डेडलिफ्ट केली आहे त्यांना ठाऊक असते की बार जमिनीवरून सोडवण्याआधी पोटात खोल श्वास भरून घ्यावा लागतो, कंबरेभोवतीचे स्नायू आवळावे लागतात आणि तो श्वास तसाच रोखून धरावा लागतो. पोटातील हा दाबच ओढताना कण्याला आतून आधार देतो. तर हा श्वास भरून झाला, बोटे बारभोवती आवळली गेली, मनातील बाकी सर्व विचार बाहेर गेले, की नेमक्या त्या क्षणी जवळ जाऊन विचारावे, "बाई, आज शाळा लवकर सुटली काय?" तिला उत्तर देता येत नाही. श्वास सोडावा तर लिफ्ट गेली, न सोडावा तर उद्धटपणा झाला. अशा वेळी दिलेला सल्ला विनातक्रार स्वीकारला जातो, असा माझा अनुभव आहे.

स्वतः कधी डेडलिफ्ट केलेली नसावी. अनुभवाने मत कलुषित होते.

सल्लागार शक्यतो जोडीने असावेत. आमच्याकडे एक जण सांगतात की कंबर आणखी खाली घ्या, बसल्यासारखी. दुसरे सांगतात की कंबर वर ठेवा, ही काय उठाबशी आहे का. पहिल्यांचे ऐकून मी कंबर खाली घेते तेव्हा दुसरे मान हलवतात, आणि दुसऱ्यांचे ऐकते तेव्हा पहिले चुकचुकतात. दाराशी लावलेल्या तसबिरीतील बजरंगबली तेवढे काही बोलत नाहीत. त्यांनी द्रोणागिरी उचलला होता, त्यामुळे या विषयावर मत देण्याचा त्यांना थोडाफार अधिकार होता.

हवामानाविषयी सुचवायलाही विसरू नये. किनाऱ्यावरच्या व्यायामशाळेत आषाढात काय होते ते येथील वाचकांना सांगायला नको. खाऱ्या हवेने बारवर तांबूस गंजाची पुटी चढते आणि तळहात पुसून वळेपर्यंत पुन्हा ओला होतो. खडूची पावडर वापरू देत नाहीत, लादी पांढरी होते म्हणून. माझ्या मार्गदर्शकांनी यावर तोडगा काढला, "बाई, घामोळ्याची पावडर लावा की हाताला." टाल्कम पावडरीने पकड घट्ट होत नाही, सुटते. भारी वजने उचलणारे लोक ती मांड्यांना लावतात, ते बार मांडीवरून अडखळल्याशिवाय घसरावा म्हणून. हे त्यांना सांगून पाहिले. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही करून तर बघा."

आहाराविषयी सल्ला देताना आवाज खाली आणावा, म्हणजे प्रकरण गंभीर वाटते. "पावडर-बिवडर घेता काय?" असे विचारावे. चीज करताना दुधातून जे पाणी वेगळे होते त्यापासून ही पावडर बनते, असे तिने सांगितले तर ओठ मुडपून हसावे. ती पावडर घेत नाही, घरी बांगडा, अंडी आणि कुळथाची पिठी खाऊन भागवते, असे म्हणाली तर मात्र निराश न होता म्हणावे की मग एवढे वजन झेपायचे नाही.

आता स्त्रीशरीराचा विषय. याला संकोचू नये, कारण त्या शरीराच्या मालकिणीपेक्षा आपल्याला त्याची काळजी अधिक आहे हे ठसवण्याची संधी येथेच मिळते. बायकांनी वजन उचलले की अंग, म्हणजे गर्भाशय, खाली येते, खांदे पुरुषासारखे होतात, चाल बदलते, असे क्रमाने सांगावे. स्त्रीच्या शरीरात स्नायू वाढवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषाच्या मानाने कितीतरी कमी असते, त्यामुळे नुसत्या डेडलिफ्टने तिचे दंड फुगत नाहीत. शिवाय चाळिशीनंतर हाडे विरळ होऊ लागतात आणि त्यांच्यावर भार टाकणारा व्यायाम हा त्यावरचा एक उपाय आहे. पण अशा क्षुल्लक बाबींनी डगमगू नये. एक पथ्य मात्र पाळावे. हा सल्ला व्यायामशाळेच्या बाहेर नेऊ नये. चिरेखाणीवर मे महिन्याच्या उन्हात बाई जांभ्याचा चिरा डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तिला गर्भाशयाविषयी काही सांगायला जाऊ नये. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फासकट भरलेली मासळीची टोपली दोघी जणी हिसका देऊन उचलतात, त्यांना पाठ सरळ ठेवण्याविषयी विचारू नये. त्या जे उत्तर देतील ते झेपायचे नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाळा आला की वाड्यावाड्यांतून बायका डोक्यावर एक आणि कंबरेवर एक असे हंडे घेऊन चढ चढतात, आणि आजवर एकाही मार्गदर्शकाने त्यांना अडवून "वहिनी, एवढे वजन बाईमाणसाने उचलू नये हां" असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. वजन घरच्या कामाचे असले की अंग खाली येत नाही, हौसेचे असले की येते, असा काहीतरी नियम असावा.

तिने एखादा आकडा सांगितलाच, तर लगेच त्याहून मोठा आकडा सांगावा. "माझ्या साडूचा मुलगा पुण्याला एकशे ऐंशी मारतो" हे वाक्य पाठ असलेले बरे. एडी हॉल याने २०१६ साली इंग्लंडमधील लीड्स येथे ५०० किलो उचलले, हाफथोर ब्योर्नसन याने २०२० साली आइसलँडमध्ये ५०१. त्या दोघांची माझ्या शंभराला काही हरकत असल्याचे कानावर आलेले नाही. हरकत साडूच्या मुलाच्या वतीने येते.

शंभराचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचा हिशेब सांगते, कारण पुढची सूचना त्याशिवाय समजणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी तीस किलोपासून सुरुवात केली आणि तेव्हापासून प्रत्येक दिवसाची नोंद एका दोनशे पानी वहीत ठेवली आहे. बार वीस किलोचा असतो असे सगळे धरून चालतात. मला धरून चालण्याची सवय नाही. माझ्या दिरांची आंब्याची बाग आहे; हंगाम संपल्यावर पेट्या तोलण्याचा त्यांचा काटा मी एका रविवारी रिक्षात घालून व्यायामशाळेत आणला आणि बार त्यावर ठेवला. तो साडेसतरा किलो भरला. मग प्लेटाही एकेक करून तोलल्या आणि वीसच्या चार नेमक्या निघाल्या त्यांच्यावर खडूने खूण केली. म्हणजे बार आणि चार मोठ्या प्लेटा मिळून शंभर होत नाहीत, साडेसत्त्याण्णव होतात. सगळ्यांच्या हिशेबाने मी शंभर किलो एप्रिलमध्येच उचलले होते. माझ्या हिशेबाने नव्हते. त्यासाठी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची एकेक छोटी प्लेट लागत होती, आणि त्या अडीच किलोंसाठी मला अकरा आठवडे लागले.

त्या मंगळवारी मी त्या दोन छोट्या प्लेटा लावत असताना मार्गदर्शक जवळ आले आणि म्हणाले, "ही बिस्किटं कशाला लावताय?"

तर आता मुख्य सूचना. केवळ तोंडी सल्ल्यावर समाधान मानू नये. हात लावावा.

याची पद्धत अशी आहे. भारी डेडलिफ्ट सावकाश होते. पाहणाऱ्याला वाटते की बार अडकला. उचलणाऱ्याला ठाऊक असते की तो वर येतो आहे, फक्त मुंगीच्या पावलाने. गुडघ्यापाशी ही गती सर्वांत मंद होते, मांड्या थरथरतात, चेहरा पाहण्यालायक राहत नाही, आणि तेथून पुढे जे काही घडते त्याच्यासाठीच माणूस अकरा आठवडे थांबलेला असतो. बार माझ्या गुडघ्याच्या वाटीवरून वर सरकला होता. नडगीवरची कातडी सोलली गेल्याचे मला जाणवत होते आणि त्याचा मला आनंद होत होता, कारण बार अंगालगत असल्याची ती खूण होती. आणि एवढ्यात डाव्या बाजूने दोन हात आले, प्लेटेच्या आतल्या अंगाला बारखाली शिरले, आणि कानाशी आवाज आला, "उचला, उचला, मी आहे ना!"

डावी बाजू हलकी झाली. उजवी झाली नाही. बार तिरपा झाला, माझ्या उजव्या खांद्याला हिसका बसला, आणि मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. मार्गदर्शक मागे वळून सर्वांना म्हणाले, "बाईंकडून शंभर काढून घेतले!"

बाईंकडून. काढून. घेतले.

बेंच प्रेस करताना माणूस बाकावर उताणा पडलेला असतो आणि हात सुटले तर बार गळ्यावर येतो, म्हणून डोक्याशी कोणी उभे राहावे लागते. खांद्यावर बार घेऊन बसकण मारताना उठता आले नाही तर माणूस वजनाखाली अडकतो, म्हणून तेथेही राहावे लागते. डेडलिफ्टमध्ये बार जमिनीवरून उचललेला असतो. नाही जमले तर तो जमिनीवर परत जातो. त्याच्याखाली कोणीही नसते, कोणाचाही जीव धोक्यात नसतो, म्हणून या व्यायामात मदतीला माणूस लागत नाही, आणि एका बाजूने हात घालणारा माणूस तर कणा पिळण्याची पक्की सोय करून देतो. कण्याविषयीच तुम्ही तीन महिने बोलत होतात ना? स्पर्धेत उचलणाऱ्याच्या बारला मंचावरच्या मदतनिसाने हात लावला तर ती लिफ्ट धरली जात नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ १९७२ साली स्थापन झाला. एवढ्या वर्षांत तेथील पंचांना कळले ते रॅकला टेकून कळत नसावे.

शिमग्यात होळी आणताना आख्खे झाड खांद्यावर घेतात. दहा जण खांदा देतात, चाळीस जण "धरा, वळवा, सोडा" म्हणून ओरडतात, मध्येच कोणीही हात लावतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण होळी गावाची असते. पालखीला तर प्रत्येकाचा खांदा लागलाच पाहिजे. पण हा बार गावाचा नव्हता. ही पालखी नव्हती. वहीत त्या दिवसाच्या तारखेसमोर मी सकाळीच पेन्सिलीने "१०० × १" असे लिहून ठेवले होते, पुढे खूण करायची जागा सोडून. रात्री घरी येऊन ती वही उघडली आणि मी तशीच बसून राहिले. किती उचलले मी? शंभर वजा क्ष. तो क्ष पाच किलो होता की पंधरा, की नुसता तुमच्या बोटांचा स्पर्श होता, हे काढायला माझ्याकडे दुसरे समीकरण नाही. इतकी वर्षे मुलांना क्षची किंमत काढायला शिकवणाऱ्या बाईला तुम्ही असा क्ष दिलात की जो कधीही निघणार नाही. त्या जागी मी खूण केली नाही. आजही ती जागा कोरी आहे.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि पहाटे पावणेसहाला व्यायामशाळा उघडली. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. लादी पुसणाऱ्या मावशी तेवढ्या बादली घेऊन कोपऱ्यात होत्या. खूण केलेल्या चार प्लेटा, दोन बिस्किटे. बार गुडघ्यापाशी मंदावला, थांबल्यासारखा झाला, आणि कोणीही काहीही बोलले नाही. मग तो मांड्यांपर्यंत आला, गुडघे ताठ झाले, खांदे मागे गेले. वर किती वेळ धरला ते आठवत नाही. खाली ठेवल्यावर मावशींनी विचारले, "झाला काय?" मी म्हटले, "झाला." त्या म्हणाल्या, "मग जरा बाजूला व्हा, तिथली लादी पुसायची राहिलीय."

तीन वर्षांत त्या इमारतीत मला कोणी इतके योग्य बोललेले नाही.

लेख येथेच संपला असता. पण सोमवारी मार्गदर्शकांना बातमी कळली होती. ते रॅकवरून आले, टॉवेल गळ्यात होताच, आणि त्यांनी विचारले, "व्हिडिओ काढलात काय?" मी नाही म्हटले. "मग कोणी बघितलं?" मी मावशींचे नाव सांगितले. ते हसले, मोठ्या मनाने हसले, आणि म्हणाले, "असू दे. मंगळवारी मी हात दिला ना, तिथेच तुमची भीती गेली. माझा पण वाटा आहे हां त्यात."

तुमचा वाटा नाही. तुम्हाला कोणी बोलावले नव्हते, कोणी विचारले नव्हते, आणि माझ्या मनात भीती नव्हती, त्या क्षणी तर तुम्हीसुद्धा नव्हतात. तुमच्या मुलीला आठवीत मी बीजगणित शिकवले. तिचा पेपर चालू असताना तिच्या हातातील पेन घेऊन मी एखादी पायरी लिहिली असती आणि वर्गाकडे वळून "हिच्याकडून पैकीच्या पैकी काढून घेतले" म्हटले असते, तर तुम्ही मुख्याध्यापकांकडे गेला असतात, आणि ते बरोबर झाले असते. तेथे तुम्हाला कळते. येथे कळत नाही, कारण येथे तुमच्यासमोर बाई आहे आणि तिच्या हातात काही जड आहे, आणि हे दोन्ही एकत्र पाहिले की तुमचे हात आपोआप पुढे येतात. तीन वर्षे मी हसून ऐकून घेतले हा माझा मूर्खपणा होता. आता ऐकणार नाही. श्रावणात मी एकशे अडीच लावणार आहे. तुम्ही तेथे असाल, कारण तुम्ही नेहमीच असता. बारला हात लावायचा नाही. बोलायचे नाही. मला अर्ध्यावर सोडून द्यावा लागला तर मी सोडून देईन, तो पडेल, आवाज होईल, तुमच्या बापाचे काही जाणार नाही. आणि रॅकवरचा तुमचा टॉवेल उचला, त्याच्याखाली दहा किलोचे डंबेल आहेत आणि लोकांना ते लागतात.